कोणाच्या दप्तरात काय शोधावे?

पत्र

‘सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका असून नाशिकच्या जुन्या भागात, गंगेवर पायी जाता येईल इतक्या अंतरावर राहते. आमच्या भागातील वाडे आणि घाट यांच्यावर एक लहानशी पुस्तिका लिहिण्याचे काम मी हाती घेतले आहे. काहीही विचारले की नातू म्हणतो, “आजी, गूगल कर ना.” मी करते, पण वाड्यांविषयी शोधले की हॉटेले आणि यात्रा कंपन्याच समोर येतात. माझी सून नर्सिंगमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. गूगलवरचे संदर्भ प्रबंधात चालणार नाहीत, असे तिच्या मार्गदर्शक बाईंनी तिला बजावले आहे. मग कुठले चालतात? निफाड तालुक्यात शेती करणाऱ्या माझ्या भावाला कांद्याचे भाव आणि सातबारा शोधताना भलतीच संकेतस्थळे दिसतात. गेल्या आठवड्यात तर आमच्या शेजाऱ्यांनी बँकेचा मदत क्रमांक नेटवर शोधून फोन केला आणि त्यांच्या खात्यातले पैसे गेले. आता नातवाने माझ्या फोनमध्ये बदकाचे चित्र असलेले दुसरेच सर्च इंजिन घालून दिले आहे. सर्च इंजिने असतात तरी किती प्रकारची, आणि कोणते कशासाठी वापरायचे? हे बदक ठेवू की काढू?’

– एक वाचक, नाशिक

उत्तर

बाई, सप्रेम नमस्कार. आपण शिक्षिका होतात, त्यामुळे दुसरे संबोधन मला सुचत नाही.

आपल्या शेजाऱ्यांची गोष्ट आधी घेतो, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरे महिनाभराने मिळाली तरी बिघडणार नाही. या प्रश्नात मात्र तास मोजावे लागतात. त्यांनी अजून तक्रार केली नसेल, तर हे उत्तर वाचून होण्याआधी १९३० या राष्ट्रीय सायबर फसवणूक मदत क्रमांकावर त्यांना फोन करायला सांगा. स्वतःच्या बँकेलाही कळवून खात्याचे व्यवहार थांबवायला सांगावेत. गेलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या आणि दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात वळवली जाण्यापूर्वी ती गोठवली गेली तरच हाती लागण्याची आशा असते, म्हणून तक्रार जितकी लवकर तितकी बरी. हे घडले कसे, याचे उत्तर सर्च इंजिनाच्या स्वभावातच आहे. ते पाने दाखवते. त्या पानांची हमी घेत नाही. बँकेचे नाव आणि ‘मदत क्रमांक’ हे शब्द ठळक अक्षरांत लिहिलेले पान कोणीही तयार करू शकतो. यादीत सर्वांत वर दिसणाऱ्या काही ओळी तर पैसे देऊन मिळवलेल्या जागा असतात. त्यांच्यावर ‘प्रायोजित’ असा बारीक शब्द असतो आणि घाईत तो कोणी वाचत नाही. नकाशावरच्या नोंदीत दूरध्वनी क्रमांक बदलण्याची सूचनासुद्धा सामान्य वापरकर्ता करू शकतो. म्हणून बँकेचा क्रमांक पासबुकावरून, कार्डाच्या पाठीवरून किंवा बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. रिझर्व्ह बँकेने भारतातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर नेण्यास सांगितले होते. हा पत्ता ज्याला-त्याला विकत घेता येत नाही, त्यामुळे पत्त्याचा शेवट पाहणे ही आता चांगली खूण झाली आहे.

आता मूळ प्रश्न. आपण प्रश्न टाकला की सर्च इंजिन त्या क्षणी सारे इंटरनेट धुंडाळते, असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. प्रत्यक्षात ते स्वतःच्या सूचीत पाहते. क्रॉलर नावाच्या आज्ञावली एका पानावरच्या दुव्यांवरून दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्यावर अशा अखंड फिरत असतात. भेटलेल्या पानांतला मजकूर त्या गोळा करतात आणि त्यावरून कोणता शब्द कोणत्या पानांवर आहे याची अवाढव्य सूची तयार होते. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तिचेच हे राक्षसी रूप. आपण शब्द लिहिले की सूचीतून पाने निघतात आणि मग त्यांचा क्रम लावला जातो. हा क्रम कसा लावायचा, यातच एका सर्च इंजिनाचा दुसऱ्यापेक्षा वेगळेपणा असतो.

या व्यवसायाची सुरुवात फार साधी होती. १९९० मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात तयार झालेले ‘आर्ची’ हे फायलींतला मजकूर पाहतच नसे, केवळ फायलींची नावे शोधून देई. १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘याहू’ने माणसे बसवून संकेतस्थळांची विषयवार वर्गवारी केली, आपल्या ग्रंथालयातल्या तालिकेसारखेच ते काम होते, आणि इंटरनेट माणसांच्या आवाक्याबाहेर वाढल्यावर ती तालिका २०१४ च्या अखेरीस बंद झाली. १९९५ च्या डिसेंबरात आलेल्या ‘अल्टाव्हिस्टा’ने पानांतला सगळा मजकूर शोधण्याची सोय लाखो लोकांपर्यंत नेली, परंतु हजारो निकालांत कामाचे पान कुठे दडले आहे ते तिथे कळत नसे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी ही अडचण सोडवली. ज्या पानाकडे इतर पाने, विशेषतः स्वतः मान्यता पावलेली पाने, बोट दाखवतात, ते पान वर आणायचे, हा त्यांचा विचार होता. कोणत्या शोधनिबंधाचा आधार किती जणांनी घेतला यावरून त्याचे वजन ठरवण्याची विद्वानांची रीत जुनीच आहे. तीच त्यांनी संकेतस्थळांना लावली. १९९८ मध्ये त्यांची गूगल कंपनी स्थापन झाली. आज तिथे क्रम लावताना इतर असंख्य गोष्टी पाहिल्या जातात, पण मूळ धारणा तीच आहे, आणि आपल्या वाड्यांची अडचणही तिच्यातूनच उद्भवते. नाशिकच्या हॉटेलाकडे बोट दाखवणारी पाने हजारो असतील. एखाद्या वाड्याच्या इतिहासाकडे बोट दाखवणारे पान एखादेच असेल.

आपण नाशिकमध्ये सोने घ्यायला सराफ बाजारात जातो आणि पातेले घ्यायला भांडी बाजारात. मेनरोडवर उभे राहून ‘मला वस्तू हवी आहे’ असे ओरडत नाही. गूगलसारखे सर्वसाधारण सर्च इंजिन म्हणजे मेनरोड आहे. तिथे सारे काही थोडे थोडे मिळते, गर्दी असते, आणि ज्याची पाटी मोठी त्याचे दुकान आधी दिसते. म्हणून कोणते शब्द लिहू, हा प्रश्न थोडा मागे ठेवून त्याआधी दुसरा प्रश्न विचारण्याची सवय मी लोकांना लावू पाहतो: ही माहिती मुळात कोणाच्या दप्तरात असेल? तिची नोंद ठेवणे हे कोणाचे काम होते, आणि ते दप्तर शोधण्यासाठी वेगळी खिडकी आहे का? ग्रंथालयातल्या नोकरीत मी जेवढी उत्तरे शोधून दिली, त्यातली बहुतेक या एका प्रश्नाने सुटली.

आपल्या पुस्तिकेला हा प्रश्न लावून पाहू. एकोणिसाव्या शतकातील नाशिकची नोंद ठेवण्याचे काम इंग्रजी राजवटीने केले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा, म्हणजे जिल्हावार माहितीच्या सरकारी ग्रंथमालेचा, सोळावा खंड नाशिक जिल्ह्याचा असून तो १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. घाट, कुंडे, देवळे, पेठा यांची वर्णने त्यात आहेत. महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागाने गॅझेटिअर संगणकावर उपलब्ध करून दिले आहेत, आणि हा खंड ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या १९९६ पासून चालणाऱ्या डिजिटल ग्रंथसंग्रहातही मिळतो. त्या संग्रहाला स्वतःचे सर्च इंजिन आहे आणि पुस्तकांच्या केवळ नावांत न शोधता आतल्या मजकुरात शोधण्याचा पर्यायही त्यात निवडता येतो. तो निवडायला विसरू नका, कारण वाड्याचे नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कधीच नसते. मात्र तिथे इंग्रजीत शोधताना शहराचे नाव आजच्या पद्धतीने, म्हणजे मध्ये एच घालून लिहिले, तर हाती फारसे लागणार नाही. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत ते एचशिवाय, ‘नासिक’ असे लिहिलेले असते. मराठीतही जुन्या मजकुरात ‘नासिक’ सापडते, आणि हिंदीत तर आजही तसेच लिहितात. त्यामुळे ‘नासिक’ टाकले की निकालांत निम्मी पाने हिंदी येतील. ती ओलांडून पुढे जावे लागेल.

मराठीत शोधणे इंग्रजीपेक्षा अवघड का जाते, यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण दोष आपल्या टंकलेखनाचा नाही. आपल्या भाषेत शब्द वाक्यात जाताना रूप पालटतो. ‘वाडा’ हा शब्द ‘वाड्याचा’, ‘वाड्यात’, ‘वाड्यांना’ असा होतो, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वीच मूळ शब्दाचे अंग बदलते. इंग्रजीतील एकवचन-अनेकवचन सर्च इंजिने सहज जुळवतात. मराठीचे सामान्यरूप त्यांना तितके जमत नाही. म्हणून एकच शोध ‘वाडा’ आणि ‘वाड्याचा’ अशा दोन्ही रूपांनी करून पाहावा. दुसरी अडचण लेखनाची आहे. १९६२ च्या लेखननियमांपूर्वी छापलेल्या मजकुरात ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरें’ असे अनुस्वार असत, हे आपल्याला मी सांगायला नको. संगणकाच्या दृष्टीने ‘नाव’ आणि ‘नांव’ हे निरनिराळे शब्द आहेत. तिसरी अडचण डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. ‘कोपऱ्यावर’ यातला अर्धा र संगणकात एकाहून अधिक प्रकारे नोंदवता येतो. पडद्यावर अक्षर सारखेच दिसते, आत मात्र संकेत वेगळे असतात, आणि शोध नेमका तिथे अडखळू शकतो. चौथी अडचण सर्वांत मोठी. युनिकोड, म्हणजे सर्व लिपींसाठीची एकच संकेतपद्धती, रुळण्यापूर्वी अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे स्वतःच्या खास फाँटमध्ये असत. वाचकाला तिथे मराठी दिसे, पण सर्च इंजिनाला त्या जागी रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसे. स्कॅन करून ठेवलेल्या जुन्या पुस्तकांचेही तसेच: पान हे चित्र असते, आणि चित्रातली देवनागरी अक्षरे ओळखण्याचे तंत्र अजून पुष्कळ चुका करते. तेव्हा एखादी गोष्ट मराठीत सापडली नाही, याचा अर्थ ती लिहिली गेली नाही असा घेऊ नये.

एक खास नाशिककर अडचणही आहे. आपण गोदावरीला गंगा म्हणतो. ‘गंगा घाट जुने वाडे’ असे आपण लिहिले असेल, तर सर्च इंजिनाने आपल्याला वाराणसीला नेऊन सोडले असणार, आणि त्यात त्याची चूक नाही. तसेच नुसते ‘वाडा’ लिहिले तर पालघर जिल्ह्यातील वाडा तालुका मध्ये येतो. अशा वेळी काही साध्या खुणा कामी येतात. दोन-तीन शब्द नेमके त्याच क्रमाने हवे असतील, तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावेत. नको असलेल्या शब्दाआधी वजाचे चिन्ह त्याला चिकटवून लिहावे. ‘हॉटेल’, ‘बुकिंग’, ‘पॅकेज’ हे शब्द असे वगळले की आपली निम्मी डोकेदुखी कमी होईल. केवळ सरकारी संकेतस्थळांत शोधायचे असेल, तर ‘साइट’ हा शब्द रोमन लिपीत लिहून त्याला लागून अपूर्णविरामाचे चिन्ह द्यावे आणि मध्ये जागा न सोडता ‘जीओव्ही डॉट इन’ हा पत्त्याचा शेवट लिहावा. या खुणा गूगलवर चालतात आणि इतर बहुतेक सर्च इंजिनांवरही थोड्याफार फरकाने चालतात.

जुन्या लेखनात अनोळखी शब्द भेटले, तर शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शोधपट्टीसह उपलब्ध आहेत. वाड्याच्या बांधणीतले ओसरी, सोपा, माजघर, कडीपाट हे शब्द मी तिथेच पाहतो. मराठी विश्वकोशही संकेतस्थळावर आहे आणि त्याच्या नोंदींत शोधता येते. हीसुद्धा सर्च इंजिनेच आहेत. त्यांची सूची एका ग्रंथापुरती असते, एवढाच फरक. तरीही आपल्या विषयातला बराचसा ऐवज कोणत्याच सूचीत सापडणार नाही. १८४० मध्ये स्थापन झालेले आपले सार्वजनिक वाचनालय आपल्या घरापासून फार दूर नसावे. जुन्या मराठी पुस्तकांसाठी संगणकापुढे बसण्याआधी तिथे एक फेरी मारावी, असे मला वाटते. वाड्यांच्या मालकीचे कागद त्या-त्या घराण्यांच्या पेट्यांत असतात, आणि तिथे आपल्या ओळखीच उपयोगी पडतील.

सूनबाईंच्या मार्गदर्शकांचे म्हणणे बरोबर आहे, फक्त ते अर्धेच सांगितले गेले. पुस्तक ज्या कपाटात सापडले त्या कपाटाचा संदर्भ कोणी देत नाही, पुस्तकाचा देतो. त्याचप्रमाणे गूगल हा संदर्भ नव्हे, संदर्भापर्यंतची वाट आहे. वैद्यकीय विषयांसाठी मात्र त्याहून चांगली वाट आहे, ती म्हणजे ‘पबमेड’. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही सेवा १९९६ पासून चालू असून तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि शोध विनामूल्य आहे. तिची खरी ताकद शब्दसंग्रहात आहे. त्या ग्रंथालयातील तज्ज्ञांनी विषयांच्या मथळ्यांची एक नियंत्रित सूची ठेवली आहे, तिला ‘मेश’ म्हणतात. आपल्याकडे रुग्णालयात ज्याला ‘बेडसोअर’ म्हणतात, तो शब्द शोधला तरी पबमेड ‘प्रेशर अल्सर’ या अधिकृत मथळ्याखाली नोंदवलेले लेखही समोर ठेवते, कारण हे दोन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत हे त्या सूचीत नोंदलेले असते. पबमेडवर बहुधा लेखाचा सारांश मिळतो. संपूर्ण लेख हवा असेल, तर त्याच ग्रंथालयाच्या ‘पबमेड सेंट्रल’मध्ये पाहावे, तिथे असतील ते लेख फुकट वाचता येतात.

केवळ परिचर्येचे वाङ्मय पाहायचे असेल, तर ‘सिनाल’ ही स्वतंत्र सूची आहे. ती वर्गणी भरणाऱ्या संस्थांनाच मिळते. सूनबाईंनी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडे तिची चौकशी करावी. आपल्या शहरातच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय असताना तिला ही चौकशी पुण्या-मुंबईला करावी लागू नये. भारतातील विद्यापीठांत सादर झालेले पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या संग्रहात आहेत; गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र तो चालवते. आपल्या विषयावर आधी कोणी काम केले आहे, त्याने प्रश्नावली कशी आखली, हे पाहण्यासाठी तो अतिशय उपयोगी आहे. ‘गूगल स्कॉलर’ २००४ पासून आहे आणि सर्व विद्याशाखांसाठी चालते. तिथे प्रत्येक लेखाखाली त्याचा आधार घेणाऱ्या पुढच्या लेखांचा दुवा असतो. एक चांगला जुना लेख सापडला की त्या दुव्याने आजपर्यंत येता येते. स्कॉलरमध्ये दिसला म्हणजे लेख पारखलेला आहे, असे मात्र समजू नये. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांतले लेखही त्यात येतात, आणि मार्गदर्शक बाईंची चीड बहुधा तिथूनच आलेली असावी.

आपल्या बंधूंचे दोन्ही प्रश्न एकाच कारणाचे आहेत. सातबारा हा कोणत्याही सर्च इंजिनाच्या सूचीत नसतो. तो शासनाच्या विदागारात, म्हणजे डेटाबेसमध्ये, असतो आणि जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक भरल्यावर त्या क्षणी पान तयार होते. क्रॉलर असे अर्ज भरत नाही, त्यामुळे त्याला ते पान दिसतच नाही. इंटरनेटचा फार मोठा भाग असा खिडकीमागे आहे. गूगलवर ‘सातबारा’ शोधल्यावर जे दिसते, ते सातबाऱ्याविषयी लिहिणाऱ्यांचे असते, आणि त्यांतले काही जण फुकट मिळणाऱ्या गोष्टीचे पैसे घेण्याच्या बेतात असतात. ‘महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपणारा महसूल विभागाचा पत्ता बंधूंनी एकदाच नीट पाहून जतन करावा. केवळ पाहण्यासाठीचा उतारा तिथे विनामूल्य दिसतो; डिजिटल स्वाक्षरीचा उतारा ठरावीक शुल्क भरून मिळतो.

कांद्याच्या भावासाठी केंद्र शासनाचे ‘अ‍ॅगमार्कनेट’ आणि राज्याच्या कृषी पणन मंडळाचे संकेतस्थळ ही दोन दप्तरे आहेत. लासलगाव, पिंपळगाव बसवंत अशा बाजार समित्यांची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर तिथे तारखेनुसार पाहता येतात. समाजमाध्यमांवर फिरतो तो आकडा बहुधा कमाल दराचा असतो, आणि तो एखाद्याच ट्रॉलीला मिळालेला असू शकतो. बंधूंनी सर्वसाधारण दराचा रकाना पाहावा. त्यांची द्राक्षबागही असेल, तर भुरी आणि केवडा या रोगांवरील सल्ल्यासाठी औषध विक्रेत्यांच्या चित्रफितींपेक्षा पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे संकेतस्थळ आधी उघडावे.

आपण विचारले नाही, पण नाशिकमध्ये राहणाऱ्याला ज्याची दर पावसाळ्यात गरज पडते, असा आणखी एक प्रकार सांगतो. गोदावरीला पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कितव्या अंगापर्यंत पाणी चढले, यावर आपण पुराचा अंदाज बांधतो. आणि त्याच दिवशी फोनवर मारुती बुडाल्याची छायाचित्रे येऊ लागतात, त्यांतली कित्येक जुन्या पुरांची असतात. छायाचित्रावरून शोधणारी सर्च इंजिने यासाठीच आहेत. टोरोंटोच्या एका कंपनीने २००८ मध्ये सुरू केलेले ‘टिनआय’ आणि गूगलचे ‘लेन्स’ यांना शब्दांऐवजी चित्र दिले की तेच चित्र इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते ती दाखवतात. टिनआयमध्ये निकाल जुन्यात जुन्या नोंदीनुसार लावता येतात. आज सकाळचे म्हणून आलेले छायाचित्र चार वर्षांपूर्वीच्या पानावर सापडले, की पुढे पाठवण्याचा प्रश्न मिटतो. वाड्यांची जुनी छायाचित्रे मिळाली, तर त्यांचा मूळ स्रोत शोधायलाही आपल्याला याचा उपयोग होईल.

उरलेले प्रकार भराभर सांगतो. न्यायालयीन निकालांसाठी ‘इंडियन कानून’ हे २००८ पासून चालणारे विनामूल्य सर्च इंजिन आहे. वाड्यांच्या वाटणीचे दावे उच्च न्यायालयापर्यंत गेले असतील, तर निकालपत्रात घराण्याचा इतिहास अनपेक्षितपणे सापडतो. ‘वुल्फ्रम अल्फा’ पाने शोधत नाही, गणित करून उत्तर देते. ते नातवाला दाखवा. स्वतःची सूची न ठेवता अनेकांना विचारून निकाल एकत्र मांडणारी, ‘मेटा’ म्हणून ओळखली जाणारी सर्च इंजिने १९९५ पासून आहेत. विमान तिकिटांचे दर तुलनेने दाखवणारी संकेतस्थळे हे त्यांचेच आजचे रूप. रशियात ‘यांडेक्स’ आणि चीनमध्ये ‘बायडू’ यांचा मोठा वापर आहे. आपल्याला त्यांचे फारसे काम पडणार नाही. एखादे संकेतस्थळ बंद पडले असेल, तर इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये त्याचा पत्ता टाकून जुने पान पाहता येते; बंद पडलेल्या मराठी नियतकालिकांच्या बाबतीत मला त्याचा अनेकदा आधार मिळाला आहे.

चॅटजीपीटीसारख्या यंत्रांविषयी आपण काही लिहिले नाही, तरी नातू लवकरच ‘आजी, आता गूगल नको, याला विचार’ असे म्हणेल, म्हणून लिहितो. सर्च इंजिन दुसऱ्याने लिहिलेले पान आपल्यापुढे ठेवते. हे यंत्र वाचलेल्या मजकुराच्या जोरावर स्वतः वाक्ये रचते. आता गूगलही पुष्कळदा यादीच्या वर असे रचलेले उत्तर दाखवते. इंग्रजी लेखाचा गोषवारा मराठीत हवा असेल, शोधासाठी पर्यायी शब्द सुचत नसतील, तर त्याची मदत जरूर घ्यावी. परंतु ज्या वाड्याविषयी फारसे कोठे लिहिलेलेच नाही, त्याचा इतिहास विचारला तर ते गप्प राहण्याऐवजी ऐटदार भाषेत एखादे घराणे आणि एखादा शक रचून देऊ शकते. पुस्तिकेत असे एक वाक्य जरी शिरले, तरी पुढचा लेखक ते आपल्या नावावर उद्धृत करील. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून, त्यात ते वाक्य खरोखर आहे हे पाहिल्याशिवाय वहीत उतरवू नका.

राहिले बदक. त्याचे नाव ‘डकडकगो’. २००८ मध्ये सुरू झालेल्या या सर्च इंजिनाचे वेगळेपण एवढेच की कोण काय शोधते याची व्यक्तिगत नोंद ते ठेवत नाही. जाहिराती तिथेही असतात, पण त्या आपण त्या वेळी लिहिलेल्या शब्दांवर बेतलेल्या असतात, आपल्या मागच्या सहा महिन्यांवर नाही. गुडघेदुखीविषयी एकदा शोधले आणि मग आठवडाभर जिथे जावे तिथे तेलाच्या जाहिराती, हा अनुभव आपल्याला आला असेल. बदकाकडून तो येणार नाही. त्याचे निकाल मात्र बऱ्याच अंशी मायक्रोसॉफ्टच्या ‘बिंग’कडून येतात. नेदरलँड्समधले ‘स्टार्टपेज’ अशाच रीतीने आपली ओळख पुढे न देता गूगलचे निकाल आणून देते, तर ‘ब्रेव्ह’ आपली स्वतःची सूची बाळगते. आपण कोणते संकेतस्थळ उघडले, हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला यांपैकी कोणतेही वापरले तरी कळू शकते, तेव्हा ‘काही कोणाला कळत नाही’ असे नातवाने सांगितले असेल, तर त्यात थोडी दुरुस्ती करावी.

माझे मत विचाराल तर बदक राहू द्या. आजारपण, औषधे, पैसे यांविषयीचे शोध तिथेच करा. मराठीतून जुन्या नाशिकविषयी शोधताना मात्र त्याचे निकाल गूगलपेक्षा तोकडे पडतात, असा माझा अनुभव आहे. त्यासाठी ते काढून टाकण्याची गरज नाही. बदकाच्या शोधपट्टीत प्रश्न लिहून शेवटी एक जागा सोडावी आणि उद्गारचिन्हाला लागून रोमन लिपीतले लहान जी अक्षर लिहावे. तोच प्रश्न तसाच्या तसा गूगलकडे जातो, आणि तिथून पुढे अर्थातच गूगलचे नियम लागू होतात.